टाचणीवरच्या कीटकात साठलेला मुलूख

नागपूर जिल्ह्यातल्या खाप्याच्या शिवारात धुऱ्यावर आणि रस्त्याकडेला रुई सहज दिसते. तिच्या पानाखाली पाहिले तर बरेचदा काळ्या, पिवळ्या आणि पांढऱ्या पट्ट्यांची अळी सापडते. ती असते बिबळ्या कडवा या फुलपाखराची, म्हणजे प्लेन टायगरची. गुरेढोरेही रुईला तोंड लावत नाहीत. ही अळी मात्र चिकातली हृदयाला घातक असलेली द्रव्ये पचवते आणि अंगात साठवून ठेवते. पुढे ती फुलपाखरातही उतरतात. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही.

पण सगळ्या मुलखातले कडवे सारखे कडू नसतात. पश्चिम आफ्रिकेतली याच जातीची फुलपाखरे लिंकन ब्रोअर आणि सहकाऱ्यांनी 1975 मध्ये तपासली, तेव्हा अनेकांत हे विष आढळलेच नाही. रुईच्या कुळातल्या वनस्पतींमध्येही विषाचे प्रमाण कमीजास्त असते. अळीने काय खाल्ले, हे फुलपाखराच्या अंगातल्या विषावरून ओळखता येते ते त्यामुळेच.

अशा रासायनिक खुणा मेलेल्या कीटकातही टिकू शकतात. संग्रहालयातल्या सुक्या कीटकांचे मोल इथे कळते. कीटकाच्या कातडीवर मेणासारख्या हायड्रोकार्बनांचा पातळ थर असतो. तो शरीरातले पाणी राखतो, शिवाय मुंग्या आणि गांधीलमाश्या त्याच्या वासावरून आपला-परका ओळखतात. स्टीफन मार्टिन आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये संग्रहातल्या मोठ्या गांधीलमाश्यांवर काम केले. वीस वर्षांपर्यंत जुन्या नमुन्यांतही हा थर ओळखण्याजोगा टिकून होता. त्यासाठी कीटक कुटावा लागत नाही. हेक्झेनसारख्या द्रावकात थोडा वेळ भिजवला की मेण उतरते, गॅस क्रोमॅटोग्राफ त्यातले घटक वेगळे करून दाखवतो आणि नमुना पुन्हा पेटीत ठेवता येतो. एकाच जातीचे, पण निरनिराळ्या जिल्ह्यांतले नमुने असे शेजारी मांडले की प्रदेशागणिक पडणारा फरक दिसू लागतो.

पंखांची गोष्ट तर आणखी विलक्षण. पावसाळ्याच्या अखेरीस विदर्भात मोकळ्या मैदानांवर पिवळसर चतुरांचे थवे घिरट्या घालतात. पँटाला फ्लेव्हेसन्स ही त्यांची जात. हेच चतुर ऑक्टोबरच्या सुमारास मालदीवमध्ये उतरतात, जिथे गोड्या पाण्याची तळी जवळपास नाहीतच. मग ते येतात कुठून? पावसाच्या पाण्यातल्या जड हायड्रोजनचे प्रमाण प्रदेशानुसार बदलते, आणि चतुराची अळी ज्या पाण्यात वाढली त्याची खूण पंखात कायम राहते. 2012 मध्ये कीथ हॉब्सन, चार्ल्स अँडरसन आणि सहकाऱ्यांनी मालदीवच्या चतुरांचे पंख तपासून दाखवले की ते उत्तर भारत किंवा त्याही पलीकडून येत असावेत.

नागपूरला कीटकांच्या नोंदींची पूर्वपीठिका आहे. अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, 1863 पासूनचा. तिथले ई. ए. डी'अब्रू यांनी 1931 मध्ये मध्य प्रांतातल्या फुलपाखरांची यादी संग्रहालयातर्फे प्रसिद्ध केली. त्या काळी विदर्भात काय उडत होते, हे पाहायला अभ्यासक आजही ती उघडतात. रसायनाचा अभ्यास मात्र यादीवर होत नाही, त्याला प्रत्यक्ष कीटकच हवा.

आणि कीटक तर दरवर्षी गोळा होतातच. कृषी पदवीचे विद्यार्थी गावोगावचे कीटक पकडून, टाचणीवर लावून प्रात्यक्षिकासाठी पेटी देतात. गुण मिळाले की अशा पेट्या धूळ खात पडतात, हे फार मोठे नुकसान आहे. ओल लागली की बुरशी धरते, बारीक किडे उरलेसुरले कुरतडून भुगा करतात. त्यांना रोखायला टाकलेल्या डांबरगोळीची वाफही नमुन्यावर बसते आणि तपासणीत उमटते. म्हणून पेटीत कधी काय टाकले, याची नोंद लागते.

त्याहून महत्त्वाची ती टाचणीखालची चिठ्ठी. ‘नागपूर जिल्हा’ एवढ्याने भागत नाही. खाप्याजवळच गुमगावची मँगनीज खाण आहे, संत्र्याच्या बागा आहेत, कन्हानचा काठ आहे. हाकेच्या अंतरावर माती आणि झाडोरा बदलतो. अनेक कीटकांच्या जबड्यांची धार जस्त किंवा मँगनीजने कठीण झालेली असते. खाणीलगतच्या आणि नदीकाठच्या एकाच जातीच्या मुंग्यांच्या जबड्यांत काही फरक पडतो का, हा प्रश्न इथल्या विद्यार्थ्याने हाती घेण्यासारखा आहे. त्यासाठी चिठ्ठीवर गाव, नेमकी जागा, तारीख, पकडणाऱ्याचे नाव आणि कीटक कोणत्या झाडावर होता, एवढे हवेच.