आमचे नवरे परत द्या!

मैत्रिणींनो, हिटलरच्या राजधानीत, ऐन युद्धात, बायकांनी रस्ता अडवून धरला होता हे तुम्हाला ठाऊक आहे? ना संघटना, ना पुढारी. नवऱ्याला कुठे नेलं हे विचारायला आलेल्या साध्या घरच्या बायका त्या.

२७ फेब्रुवारी १९४३. बर्लिनच्या कारखान्यांत राबणाऱ्या ज्यूंची सरसकट धरपकड सुरू झाली. त्यांतल्या ज्यांच्या बायका ज्यू नव्हत्या, असे सुमारे २,००० जण, बहुतेक पुरुषच, रोझेनश्ट्रास या गल्लीतल्या एका इमारतीत कोंडले गेले. एकीकडून दुसरीला कळलं, आणि थंडीत बायका तिथे जमू लागल्या. कुणी खाण्याचं पुडकं घेऊन, तर कुणी नुसतीच. "आमचे नवरे परत द्या!" पहारेकरी गोळ्या घालायची धमकी देत. बायका आजूबाजूच्या बोळांत पांगायच्या नि पुन्हा यायच्या. आठवडाभर हेच.

मला मात्र या आठवड्यापेक्षा आधीची दहा वर्षं जास्त मोठी वाटतात. १९३३ पासून या बायकांच्या मागे एकच लकडा होता, घटस्फोट घे. १९३८ च्या कायद्याने तो सोपाही करून दिला. नवऱ्याची नोकरी गेलेली, ज्यूंना रेशन कमी, कित्येकींना माहेरानेही टाकलेलं. सही केली असती तर त्या सुटल्या असत्या, नवऱ्याचं मात्र उरलंसुरलं कवच गेलं असतं. बहुतेकींनी सही केली नाही. समुपदेशनाच्या कामात मी बघते, नुसत्या सासरच्या दबावानेही बाई किती खचते! इथे तर अख्खं सरकार मागे लागलेलं.

६ मार्चपासून माणसं सुटू लागली, आणि बहुतेक सगळी घरी आली. आउश्वित्झच्या छळछावणीत धाडलेले २५ जणसुद्धा परत आणले गेले. या सगळ्यांना नाहीतरी सोडणारच होते, असं काही इतिहासकार म्हणतात. असेलही. पण गोळ्यांच्या धमकीसमोर उभं राहताना त्या बायकांना ते कुठे ठाऊक होतं? आज तिथे इंगेबोर्ग हुन्झिंगर या शिल्पकार बाईंनी घडवलेलं त्यांचं दगडी स्मारक आहे.

त्याच धरपकडीत सापडलेल्या, पण घरी अशी बायको नसलेल्या हजारोंना मात्र त्याच दिवसांत आउश्वित्झच्या गाड्यांत भरलं गेलं. त्यातले फारच थोडे वाचले.