स्टिअरिंग खडखडतंय? रॅक एंड घरी बदलता येतो, पण तीन ठिकाणी हयगय नको

बुलढाणा : पावसाळा संपला की जिल्ह्यातल्या गाड्यांचा आवाज बदलतो. काळ्या मातीवरचे रस्ते पाण्याने फुगतात, उन्हाने भेगाळतात आणि खड्डे पडतात. त्यात शेतापर्यंत जायचं तर पांदण रस्त्याशिवाय पर्याय नाही. प्रत्येक खड्ड्याचा दणका पुढच्या चाकातून थेट स्टिअरिंगला बसतो. मग हळू वेगातही खालून ‘खट-खट’ सुरू होतं, स्टिअरिंग हातात थरथरतं, गाडी एका बाजूला ओढते. अनेक जण टायरची हवा तपासून गप्प बसतात. पण दुखणं बऱ्याचदा रॅक एंडचं असतं.

रॅक एंड म्हणजे काय?

अल्टो, वॅगन आर, स्विफ्ट यांसारख्या गाड्यांत स्टिअरिंग फिरवलं की खाली एक दातेरी दांडा डावीकडे-उजवीकडे सरकतो. तो रॅक. रॅकच्या दोन्ही टोकांना एकेक सळई जोडलेली असते आणि ती चाक वळवते. चाकाकडच्या सांध्याला टाय रॉड एंड म्हणतात, तर रॅककडच्या, रबरी बुटाच्या आत लपलेल्या सांध्याला रॅक एंड किंवा इनर टाय रॉड. आत वाटीत बसलेली गोळी असते. बूट फाटला की चिखलपाणी आत जातं, ग्रीस धुऊन निघतं आणि गोळी वाटीत सैल होते.

सैल गोळी एक दिवस वाटीतून निसटली, तर ते चाक स्टिअरिंगचं ऐकत नाही. गावातल्या रस्त्यावर गाडी फार तर नालीत जाईल. पण बुलढाणा-मलकापूर मार्गावरच्या राजूर घाटात किंवा समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरच्या वेगात हेच घडलं, तर सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून खडखड सुरू झाली की ‘दिवाळीनंतर पाहू’ म्हणायचं नाही.

दोष ओळखायचा कसा?

गाडी सपाट, कडक जागेवर उभी करा. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. पुढचं एक चाक जॅकने उचला आणि गाडी स्टँडवर टेकवा. आता चाक घड्याळातल्या ३ आणि ९ च्या जागी धरून डावी-उजवीकडे हलवा. खेळ जाणवला, तर दुसऱ्याला चाक हलवायला सांगून तुम्ही रबरी बुटावर हात ठेवा. ठोका बुटाच्या आत लागत असेल तर रॅक एंड, चाकाजवळ लागत असेल तर बाहेरचा टाय रॉड एंड. चाक १२ आणि ६ च्या जागी धरूनही हलत असेल, तर बेअरिंग किंवा खालचा बॉल जॉइंट तपासावा लागेल.

बूट दाबल्यावर आतून तेल आलं, तर पॉवर स्टिअरिंगच्या रॅकचं सील गेलेलं असू शकतं. ते काम घरचं नाही, गाडी मिस्त्रीकडेच न्या.

पहिली हयगय : नुसत्या जॅकवर भरवसा

रॅक एंड बदलायला गाडीखाली हात घालावा लागतो. गाडीसोबत मिळणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो. पाना जोरात ओढला की तो सरकू शकतो. विटा आणि मोठे दगडही भाराने फुटतात. लोखंडी स्टँड नसेल तर कामाला हातच लावू नका. काढलेलं चाक आडवं करून गाडीखाली सरकवून ठेवा, हा दुसरा आधार.

काम असं करा

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा, मग गाडी उचलून चाक काढा. स्टिअरिंग लॉक निघेल इतकी चाबी फिरवून ठेवा, इंजिन मात्र बंदच. बाहेरच्या टाय रॉडमागचा चेकनट सैल करा. नंतर स्प्लिट पिन काढून टाय रॉड एंडचा नट काढा आणि सांधा पुलरने सोडवा. बोल्टच्या आट्यांवर हातोडा मारू नका, आटे बसले की पार्ट वाया गेला.

आता टाय रॉड एंड फिरवून काढताना किती फेऱ्यांत निघाला ते मोजा आणि कागदावर लिहा. चेकनट काढा, बुटाच्या दोन्ही क्लिपा सोडवून बूट बाहेर घ्या. आत रॅक एंड दिसेल. काही गाड्यांत त्याच्यामागे लॉक वॉशर असतो. त्याची दुमडलेली कड आधी सरळ करा. रॅक त्या बाजूने बाहेर येईल असं स्टिअरिंग फिरवा आणि रॅक एंड पान्याने खोला. रॅकला सपाट जागा असेल तर तिथे दुसरा पाना लावून रॅक धरा, नाहीतर सगळा जोर आतल्या दातांवर जातो. दातांवर पाना किंवा पकड कधीच लावायची नाही.

नवा आणि जुना पार्ट शेजारी ठेवून लांबी आणि आटे जुळतात का पाहा. लांबी वेगळी असेल तर मोजलेल्या फेऱ्यांचा उपयोग नाही. भंगारातला जुना रॅक एंड किंवा वेल्डिंग मारून घट्ट केलेला सांधा वापरू नका. चाक ज्याच्या जोरावर वळतं, तिथे काटकसर परवडत नाही.

दुसरी हयगय : ‘हाताला घट्ट लागलं’

नवा रॅक एंड कंपनीने सांगितलेल्या मापानेच टॉर्क पान्याने कसा. टॉर्क पाना नसेल तर एक दिवस मागून आणा. लॉक वॉशर नवा टाका आणि त्याची कड रॅकच्या सपाट भागावर दुमडा. तोच या सांध्याला उलटा फिरू देत नाही. ज्या गाडीत वॉशर नसतो, तिथे कंपनीच्या सूचनेप्रमाणे आट्यांना लॉक करणारं द्रव्य लावतात. बूट फाटलेला असेल तर तोही बदला, फाटक्या बुटात नवा सांधा टिकत नाही. बूट पिळलेला राहू नये. मग टाय रॉड एंड मोजलेल्या फेऱ्यांइतकाच चढवा, नट कसा, स्प्लिट पिन नवी घाला आणि चेकनट घट्ट करा. चाक चढवून गाडी खाली घ्या आणि चाकाचे नट समोरासमोर असे आळीपाळीने कसा.

तिसरी हयगय : अलाइनमेंट न करणं

गाडी सुरू झाली, सरळ चालली, म्हणजे काम संपलं असं नाही. टाय रॉड एक फेरी जास्त-कमी चढला, तरी चाकाच्या पुढच्या कडेला काही मिलिमीटरचा फरक पडतो. डोळ्याला तो दिसत नाही, पण नवे टायर काही महिन्यांत एका कडेने घासून गुळगुळीत होतात. फेऱ्या मोजणं हे टायरच्या दुकानापर्यंत नीट पोचण्यापुरतं असतं. आधी मोकळ्या जागेत हळू चालवून पाहा. स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा, आवाज ऐका, ब्रेक मारून पाहा. मग मशीनवर अलाइनमेंट करून घ्या. नव्या गाड्यांत स्टिअरिंगचा सेन्सरही स्कॅनरने सेट करावा लागू शकतो, हे तिथे विचारा. घाटातून जायचं असेल तर ते अलाइनमेंटनंतरच.

दुसऱ्या बाजूचा रॅक एंडही त्याच दिवशी हलवून तपासा. तो घट्ट असेल तर बदलायची गरज नाही. पुढे दर पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर दोन्ही बूट एकदा पाहायचे. बुटाला बारीक चीर दिसली आणि सांधा अजून घट्ट असेल, तर काम नुसत्या बुटावर भागतं. तीच चीर वर्षभर तशीच राहिली, तर रॅक गंजतो आणि मग अख्खा रॅक बदलायची वेळ येते.