धुरातलं पाणी आणि डब्लिनचा पाईप

तंबाखू जळते तेव्हा नुसता धूर होत नाही, पाणीही होतं. कितीही सुकी तंबाखू घ्या, तिच्यात ओल असतेच. शिवाय पानातला हायड्रोजन जळताना हवेतल्या प्राणवायूशी मिळून आणखी वाफ तयार करतो. पाईपच्या वाटीत गरम आहे तोवर ही वाफ कुणाला जाणवत नाही. नळीत शिरून जरा निवली की तिचे थेंब होतात, वरणाच्या पातेल्यावरच्या झाकणाला आतून सुटतात तसे. त्यांत डांबर मिसळतं, ओढणाऱ्याची लाळ मिसळते, आणि काळपट, चिकट, कडूजहर पाणी नळीत साचू लागतं. मग झुरक्यागणिक गुरगुर ऐकू येते, मधेच एखादा थेंब थेट जिभेवर येतो, वाटीच्या तळाची तंबाखू भिजून विझते. ती पुन्हा पेटवावी लागते आणि झुरके जोरात मारले की धूर आणखी तापतो. पाईप ओढणाऱ्यांची जीभ सोलवटल्यासारखी होते, ती बरीचशी या ओल्या, तापलेल्या धुरानं.

या पाण्याचा ज्याने मुळातून विचार केला तो चार्ल्स पीटरसन. मूळचा लॅटव्हियाचा, म्हणजे तेव्हाच्या रशियन साम्राज्यातला, कातारकामात मुरलेला आणि पोटासाठी आयर्लंडमध्ये येऊन राहिलेला कारागीर. त्याने 1890 मध्ये पेटंट घेतलेला 'सिस्टिम' पाईप आजही जवळजवळ त्याच रचनेत बनतो. पाईप सुधारण्याचे प्रयत्न त्याच्या आधी झाले, नंतर तर ढिगाने झाले. त्या सगळ्यांत पीटरसनचं काम मला वरचं वाटतं, कारण ओढताना होणारा त्रास आणि साफ करताना होणारा त्रास हे दोन निराळे प्रश्न नाहीत, दोन्हींचं मूळ त्या पाण्यातच आहे, हे त्याने ओळखलं.

त्याच्या आधीच्या पाईपांकडे पाहिलं की हा प्रश्न नेमका त्याच काळात का टोचू लागला ते कळतं. युरोपात दोन-अडीचशे वर्षं मातीचे पांढरे पाईप चालले. माती सच्छिद्र, ती ओल पिऊन घ्यायची. पाईप राप चढून घाण झाला की विस्तवात टाकायचा. आतला चिकटा जळून जायचा आणि पाईप पुन्हा पांढरा निघायचा. खानावळी आणि दारूगुत्त्यांत यासाठी लोखंडी जाळीची खास घोडी असे, तिच्यावर पाईप रचून ते भट्टीत सरकवत. पण मातीचा पाईप हाताला चटके द्यायचा आणि पडला की संपला. श्रीमंतांकडे मीअरशॉमचे पाईप असत. तुर्कस्तानात एस्कीशेहिरच्या आसपास सापडणारा हा मऊ, हलका दगड ओल उत्तम शोषतो, धूर कोरडा राहतो. मात्र तोही ठिसूळ, वर महाग.

मग आलं ब्रायर. भूमध्य समुद्राच्या काठाने वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या मुळाशी लाकडाची टणक गाठ धरते, ती हे ब्रायर. गाठी काढायच्या, तुकडे पाडायचे, कितीतरी तास पाण्यात उकळून त्यांतला चीक काढायचा, नंतर महिनोन्‌महिने सावलीत सुकवायचे. असं लाकूड सहजी जळत नाही, तडकत नाही, हातात उबदार लागतं. फ्रान्समधल्या ज्युरा डोंगरातलं सें-क्लोद हे गाव या धंद्याचं माहेरघर झालं आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रायरने बाजी मारली. पण घट्ट विणीचं हे लाकूड माती किंवा मीअरशॉमइतकं पाणी पीत नाही. आधी भांडं जे पाणी मुकाट्याने गिळत होतं ते आता नळीत राहू लागलं. पाईप टिकाऊ झाला, पण ओला झाला.

डब्लिनच्या ग्राफ्टन स्ट्रीटवर कॅप बंधूंनी पाईपचं दुकान थाटलं होतं. फ्रेडरिक आणि हाइनरिक कॅप मूळचे जर्मनीतल्या न्यूरेंबर्गचे, लंडनमार्गे तिथे आलेले. मीअरशॉमचे उंची पाईप ही त्यांची ओळख होती. पुढे 1870 च्या दशकात पीटरसन त्यांच्याकडे आला. आपले पाईप आणि आपल्या कल्पना घेऊन तो दुकानात शिरला असं सांगतात. तो कामाला लागला, नंतर भागीदार झाला आणि दुकानाचं नाव कॅप अँड पीटरसन पडलं.

आता तो पाईपच पाहू. साध्या पाईपमध्ये वाटीच्या तळापासून दांडीतून एक बारीक भोक सरळ बाहेर येतं आणि तोंडात धरायच्या नळीला मिळतं. धूर, पाणी, लाळ, सगळ्यांना ही एकच वाट. पीटरसनने दांडीतलं भोक मोठं आणि खोल पाडलं, इतकं की ते वाटीच्या जवळ जाऊन तिच्या बाजूला एक छोटी विहीरच तयार करतं. वाटीतून येणारी धुराची बारीक वाट या विहिरीत उघडते, पण तळाशी नाही, वरच्या अंगाला. सिस्टिम पाईपची नळी काढून दांडीचं तोंड उजेडाकडे धरून पाहिलं तर हे स्पष्ट दिसतं: आतल्या भिंतीत वरच्या बाजूला धुराचं छिद्र आणि त्याच्या खाली मोकळा खळगा.

या एका बदलाने तीन कामं होतात. अरुंद वाटेने आलेला धूर विहिरीत मोकळा होतो, त्याचा वेग उतरतो, वर नळीत जाण्यासाठी त्याला वळावंही लागतं. धूर वळतो, पण जड थेंबांना तेवढ्या चपळाईने वळता येत नाही. ते भिंतीवर आपटून खाली उतरतात. दुसरं, सिस्टिम पाईप बाकदार असतो. दांडी आणि नळी वाटीपासून वर चढत जातात, म्हणून नळीत जमलेलं पाणी आणि लाळही उतारानं परत विहिरीतच येते. तिसरं काम मला सर्वांत हुशारीचं वाटतं. धुराचं छिद्र खळग्याच्या वर असल्याने साचलेलं पाणी वाटीकडे मागे जात नाही. तळाची तंबाखू कोरडी राहते आणि शेवटपर्यंत जळते. इथे चाळणी नाही, शोषणारी वात नाही, बदलायचा भाग नाही. पाण्याला साचायला एक जागा दिली आणि गुरुत्वाकर्षणाला कामाला लावलं.

नळीही साधी नाही. तिचं भोक विहिरीकडे रुंद आणि ओठाकडे निमुळतं होत जातं. टोकाला पीटरसनने आणखी एक करामत केली. तिचं पेटंट 1898 मधलं, आणि ती 'पी-लिप' या नावाने ओळखली जाते. नेहमीच्या नळीचं तोंड समोर उघडतं, त्यामुळे धुराचा झोत थेट जिभेच्या शेंड्यावर बसतो. पी-लिपमध्ये टोक वर उचललेलं असतं आणि छिद्र वरच्या बाजूला, टाळूकडे तोंड करून. जीभ टोकाखालच्या सपाटीला टेकते, झोत तिच्या डोक्यावरून जातो. जिभेने भोक बुजत नाही, लाळही सहजी आत उतरत नाही. नळीचा सारा उतार विहिरीकडे असल्याने आत पाणी येण्याचा तेवढा एकच रस्ता उरला होता, तोही आवळला गेला.

सफाईचा भाग शेंबीत आहे. ब्रायरच्या साध्या पाईपची नळी गरम असताना ओढून काढू नये, हा पाईपवाल्यांचा पहिला धडा. तापून फुगलेलं लाकूड तेव्हा नळीच्या खुंटीला घट्ट धरून असतं. ओढाताण केली की दांडीला चीर जाते किंवा खुंटी मोडते. आणि पाणी तर नेमकं गरम असतानाच काढायला हवं, थंड झालं की त्याचा चिकटा होतो. पीटरसनच्या पाईपमध्ये दांडीच्या तोंडावर धातूची शेंबी चढवलेली असते, चांगल्यावर चांदीची, स्वस्तातल्यावर निकेलची. नळीला खुंटी नाहीच. तिचं निमुळतं बूडच शेंबीत दाबून बसवायचं. धातूने आवळलेलं लाकूड फाकत नाही. ओढणं चालू असताना मधेच नळी काढा, पाईप उलटा करून पाणी झटका, कागदाची सुरळी विहिरीत फिरवा, नळी परत बसवा. अर्ध्या मिनिटाचं काम. चांदीची शेंबी अनेकांना मिरवायची वस्तू वाटते, पण ती नसती तर विहीर वेळेवर उपसताच आली नसती.

पी-लिपची एक अडचण सफाईतच आहे. छिद्र वर वळलेलं असल्याने तारेवर सूत वळलेला पाईप क्लीनर आतून सरळ घातला तर टोकाशी अडतो. त्याचं टोक जरा वाकवून वरच्या बाजूने फिरवत घालावं लागतं. सवयीने जमतं, पण काहींना हे टोक दातांत धरायलाही अवघड वाटतं. कंपनीने हे मान्य करून साध्या, चपट्या तोंडाच्या नळ्याही ठेवल्या. मला यात काही उणं दिसत नाही. आराम ही ज्याच्या त्याच्या तोंडाची गोष्ट आहे, तिचा एकच साचा होत नाही.

विसाव्या शतकात इतरांनीही हात घातला. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात वैमानिकी अभियांत्रिकी शिकवणारे प्राध्यापक फ्रेडरिक कर्स्टन यांनी 1930 च्या दशकात ॲल्युमिनियमच्या नळकांड्याचा पाईप बनवला. धातू उष्णता भराभर बाहेर टाकतो, वाफ नळकांड्याच्या भिंतीवरच निवते, आतली दांडी ओढून काढली की सारं पुसून घेता येतं. त्याच सुमारास अमेरिकेतच फाल्कन आला. त्याचीही दांडी ॲल्युमिनियमची, खाली पाणी झेलायला छोटी बशी आणि तिच्यावर आट्यांनी फिरवून बसवायची लाकडी वाटी. एक वाटी तापली की दुसरी लावा. कॅनडात ब्रिगहॅमने मेपल लाकडाची शोषकांडी घातली, जर्मनीत कोळशाची फिल्टरकांडी रुळली. हे सगळे उपाय चालतात. पण धातूचे पाईप हातात यंत्रासारखे लागतात आणि फिल्टर सतत विकत आणावे लागतात. पीटरसनचा पाईप लाकडाचाच राहिला आणि मालकाकडे दुसरं काही मागत नाही.

आपल्याकडच्या चिलमीनेही हाच प्रश्न आपल्या परीने सोडवला आहे. निखारा तोंडात येऊ नये म्हणून आत अडकवलेला खडा, बुडाला गुंडाळलेली ओली छापी जी धूर निववते आणि गाळतेही, आणि नंतर फडक्याची पिळलेली चिंधी आरपार ओढून केलेली सफाई. चिलीम सरळ आहे म्हणून चिंधी आरपार जाते; पीटरसनचा पाईप वाकडा आहे म्हणून पाणी खाली राहतं. दोन्ही आकारांमागे कारण आहे. गुडगुडीत तर पाणी मुद्दामच भरतात, धुराला त्यातून यायला लावतात.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. निवलेला, कोरडा, जिभेला न झोंबणारा धूर म्हणजे निरुपद्रवी धूर नव्हे. पाईप ओढणाऱ्यांना ओठाचा कर्करोग होतो हे जर्मन वैद्य सॅम्युएल थॉमस फॉन झोमरिंग यांनी 1795 मध्येच नोंदवलं होतं. पाईपने तोंडाचा, घशाचा, फुप्फुसाचा कर्करोग संभवतो याबद्दल आज शंका नाही. विहिरीत उतरतं ते थोडं पाणी आणि थोडं डांबर. धुरातलं विष बहुतांशी धुराबरोबरच पुढे जातं. उलट, जीभ भाजणं हा शरीराने दिलेला इशारा असेल, तर सुखकर पाईप तो इशाराच मऊ करतो. पीटरसनच्या काळात हे त्याच्यासमोर असं मांडलेलं नव्हतं. आपल्यासमोर आहे, आणि तोंडाच्या कर्करोगाने घरंच्या घरं बसलेली पाहणाऱ्या महाराष्ट्रात ते विसरता येणार नाही. या रचनेचं कौतुक करताना मी कारागिरीचं कौतुक करतो आहे, व्यसनाचं नव्हे.

पीटरसन 1919 मध्ये वारला, पाईप चालू राहिला. जुन्या पीटरसनवर आयर्लंडचा इतिहासच कोरलेला सापडतो: कशावर 'आयरिश फ्री स्टेट'चा ठसा, तो 1922 ते 1937 च्या काळातला, कशावर 'एर', तो त्यानंतरचा, कशावर 'रिपब्लिक', म्हणजे 1949 नंतरचा. चांदीच्या शेंबीवर डब्लिनच्या पारख कार्यालयाची मुकुटधारी वीणा, हायबर्निया देवीची आकृती आणि वर्षाचं अक्षर असतं. अक्षर जुळवलं की पाईपचं जन्मवर्ष कळतं. कारखाना आता डब्लिनजवळ सॅलिनॉगिनला आहे आणि कंपनी 2018 पासून अमेरिकेतल्या लॉडिसी या उद्योगाकडे आहे.

जुन्या बाजारातून असा पाईप घेणारे आधी विहीर तपासतात. वर्षानुवर्षं न उपसलेली विहीर डांबराने अर्धीअधिक भरून दगडासारखी झालेली असते, कधी धुराचं छिद्रही बुजलेलं असतं. मग स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस आत दाबून रात्रभर ठेवायचा, सकाळी तपकिरी झालेला काढून नवा भरायचा, कापूस पांढरा निघेपर्यंत हेच. व्हल्कनाईटच्या, म्हणजे कडक रबराच्या, नळीवर आलेला हिरवट थर बारीक पॉलिश कागदाने घासून काढायचा, पण पी-लिपचं उचललेलं टोक जपून, कारण तिथला उंचवटा झिजला की झोत पुन्हा जिभेवर येतो. सगळं साफ झाल्यावर नळी पुन्हा शेंबीत दाबून पाहायची. नीट बसवलेल्या जुन्या पाईपमध्ये ती बुडापर्यंत कधीच जात नाही, शेंबीबाहेर थोडी फट राहते. ती फट कारखान्यातच मुद्दाम ठेवलेली असते: वर्षं जातील तशी नळी झिजून आणखी आत जाते, तिला जायला जागा हवी.