समूहाचा आधार आणि व्यक्तीचे स्वास्थ्य

गावाने एखाद्याला वाळीत टाकले म्हणजे त्याच्या घरी लग्नकार्याचे बोलावणे जात नाही, दुकानदार जिन्नस देत नाही, मयताला खांदा देण्यास कोणी येत नाही. अंगावर वळ उठत नाही. माणूस मात्र आतून खचतो. हा केवळ भावनेचा प्रश्न नव्हे. २०१० साली अमेरिकेतील संशोधकांनी १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक व्यक्तींची माहिती एकत्रितपणे तपासली. ज्यांचे सामाजिक संबंध दृढ होते, त्यांची पाहणीच्या काळात हयात राहण्याची शक्यता इतरांहून सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली.

हा आधार बहिष्काराने हिरावून घेणे महाराष्ट्रात गुन्हा आहे. २०१६ च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक अधिनियमान्वये त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जातपंचायतीचा निवाडा निदान दाखविता तरी येतो. विधवेला दूर ठेवणारी रूढी कोणी लिहून ठेवीत नाही, म्हणून ती अधिक चिवट.

या संदर्भात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड (ता. शिरोळ) ग्रामपंचायतीचे पाऊल लक्षणीय होय. पतिनिधनानंतर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी उतरविणे या प्रथा बंद करण्याचा ठराव तेथे मे २०२२ मध्ये संमत झाला. त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही या ठरावाचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. ठरावाची प्रत दप्तरी लागणे सोपे आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे बोलावणे त्या घरी गेले की नाही, याची विचारपूस ग्रामपंचायत सदस्यांनी आणि शिक्षकांनी अवश्य करावी.