शेवटच्या २८ सेकंदांचं प्रगतिपुस्तक

मॅच थोडक्यात हातची गेली की ग्रुपवर पाच मिनिटांत निकाल लागतो, 'याच्यामुळे हरलो!' पण हरलेल्या टीममधल्या प्रत्येकाला खरंच मार्क द्यायचे झाले, तर ते द्यायचे कसे? एनबीएच्या इतिहासातल्या सगळ्यात जिव्हारी लागलेल्या पराभवाचा पेपर पुन्हा तपासू या.

तारीख १८ जून २०१३. आपल्याकडे १९ तारखेची सकाळ. एनबीए फायनल्सची सहावी मॅच, मायामीत. सॅन अँटोनियो स्पर्स मालिकेत ३-२ने पुढे. म्हणजे ही मॅच मारली की ट्रॉफी त्यांची. घड्याळात २८ सेकंद उरलेत आणि स्पर्सकडे ९४-८९ अशी पाच पॉइंटची आघाडी आहे. ट्रॉफी देण्याच्या कार्यक्रमासाठी कोर्टाच्या कडेने पिवळा दोर आणून ठेवायला सुरुवात झाली. मायामी हीटचे काही चाहते तर ट्रॅफिक लागायच्या आत घरी जाऊ म्हणून उठून चालायलाही लागले.

आणि मग तो अर्धा मिनिट. लेब्रॉन जेम्सचा थ्री-पॉइंटर, ९४-९२. स्पर्सच्या कवाय लेनर्डला दोन फ्री थ्रो. एक आत, एक बाहेर. ९५-९२. लेब्रॉनचा पुढचा थ्री-पॉइंटर हुकला, ख्रिस बॉशने रिबाऊंड पकडला, बॉल कोपऱ्याकडे मागे सरकणाऱ्या रे अ‍ॅलनकडे गेला. शॉट... आणि ९५-९५! घड्याळात उरले होते ५.२ सेकंद. ओव्हरटाइममध्ये हीट १०३-१०० असे जिंकले. दोन दिवसांनी सातवी मॅचही त्यांनी ९५-८८ अशी घेतली. त्याआधी चार वेळा फायनल्स खेळून चारही वेळा जिंकलेली स्पर्स पहिल्यांदाच फायनल हरली.

मग सुरू झालं मार्किंग. कोणी म्हणे लेनर्डचा फ्री थ्रो, कोणी म्हणे मनू जिनोबिली, तर कोणी थेट कोच ग्रेग पोपोविच यांनाच नापास करून मोकळा झाला. आजही ही मॅच निघाली की नेटवर भांडणं लागतात!

मार्क देण्याआधी एक नियम

थोडक्यात हरलेल्या मॅचचा प्रॉब्लेम असा की शेवटचा मिनिट आधीची सगळी मॅच खाऊन टाकतो. पहिल्या क्वार्टरमध्ये फुकट घालवलेला बॉल आणि शेवटच्या क्वार्टरमध्ये फुकट घालवलेला बॉल, दोन्हींची किंमत स्कोअरबोर्डावर सारखीच असते. आपल्याला आठवतो तो मात्र दुसराच.

म्हणून एक सोपी टेस्ट. समजा, अ‍ॅलनचा तो शॉट रिंगला लागून बाहेर पडला असता. स्पर्स चॅम्पियन झाले असते. बॉल अ‍ॅलनच्या हातातून सुटेपर्यंत स्पर्सच्या खेळाडूंनी जे केलं, ते मात्र तसंच्या तसं राहिलं असतं. मग चॅम्पियन खेळाडू म्हणून आपण ज्याला आठ मार्क दिले असते, त्याला आता चार का द्यायचे? ज्याचे मार्क या टेस्टमध्ये हलतात, तिथे आपण खेळ तपासत नसून निकाल तपासतोय, असं खुशाल समजावं. आता या नियमाने एकेकाचा पेपर बघू. प्रत्येकाला दहापैकी मार्क.

टिम डंकन : ९

वय ३७. पहिल्या हाफमध्येच २५ पॉइंट, एकूण ३० पॉइंट आणि १७ रिबाऊंड. या वयात, फायनल्समध्ये! एक मार्क कापला तो यासाठी, की तिसऱ्या क्वार्टरनंतर त्याच्या नावावर एकही पॉइंट नाही. चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला असलेली दहा पॉइंटची आघाडी वितळत गेली, त्यात हा दुष्काळही आला. पण निर्णायक थ्री-पॉइंटर पडला तेव्हा तो कोर्टवर नव्हताच, बेंचवर बसलेला होता. तो हिशोब दुसऱ्याच्या पेपरात.

कवाय लेनर्ड : ८.५

बावीस वर्षंसुद्धा पूर्ण न झालेला मुलगा. २२ पॉइंट, ११ रिबाऊंड आणि वर ड्युटी काय, तर लेब्रॉनला अडवायचं! तरीही लोकांना आठवतो तो एक चुकलेला फ्री थ्रो.

इथे थोडं गणित करू या. लेनर्ड त्या मोसमात शंभरातले साधारण ऐंशी फ्री थ्रो टाकायचा. म्हणजे चांगलाच. पण असा खेळाडूही दोनच्या दोन टाकेल, ही शक्यता ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ६४ टक्के. उरलेल्या ३६ टक्के वेळा किमान एक हुकणारच. त्याआधी काही सेकंद जिनोबिलीनेही दोनपैकी एक हुकवला होता. साधारण प्रत्येक तिसऱ्या वेळी घडणारी गोष्ट त्या अर्ध्या मिनिटात लागोपाठ दोनदा घडली. याला 'प्रेशरमध्ये फाटली' म्हणायचं की नुसतं नशीब? अर्धा मार्क कापला, विषय संपला.

टोनी पार्कर : ६

हा पेपर तपासायला सगळ्यात अवघड. २३ शॉट घेतले, गेले फक्त सहा. कोणत्याही हिशोबाने हे वाईटच. पण स्पर्स मागे पडलेले असताना, दीड मिनिटापेक्षा कमी वेळ उरलेला असताना, लेब्रॉनच्या डोक्यावरून थ्री-पॉइंटर टाकून बरोबरी केली ती यानेच. लगेच बॉल हिसकावून गरकन वळून आघाडी मिळवून दिली तीही यानेच. वर मालिकेच्या तिसऱ्या मॅचपासून मांडीचा मागचा स्नायू दुखावलेला. १९ पॉइंट, ८ असिस्ट. पास, पण डिस्टिंक्शन नाही.

डॅनी ग्रीन : ५

पहिल्या पाच मॅचमध्ये या पठ्ठ्याने २५ थ्री-पॉइंटर टाकले होते. एका फायनल्समधला २२चा जुना रेकॉर्ड मोडला, आणि तो रेकॉर्ड होता कोणाचा? रे अ‍ॅलनचाच! सहाव्या मॅचमध्ये मात्र सातपैकी एक शॉट, एकूण तीन पॉइंट. स्कोअरकार्ड बघितलं तर सरळ नापास.

पण स्कोअरकार्डात एक रकाना नसतो : 'याच्यामुळे दुसऱ्याला किती मोकळीक मिळाली?' ग्रीनला आज मोकळा सोडायचा नाही, हे हीटने आधीच ठरवलं होतं. त्याला चिकटून राहायचं तर तेवढे हात आतल्या गर्दीतून बाहेर येतात. डंकनच्या त्या पंचवीस पॉइंटांमागे इतर कारणं आहेतच, पण बाहेर उभ्या असलेल्या ग्रीनची धास्तीही आहे. म्हणून पाच. काठावर पास.

मनू जिनोबिली : ३

आमच्यासकट लाखो लोकांचा लाडका. तरी तीनच. आठ टर्नओव्हर! म्हणजे आठ वेळा शॉट न घेता बॉल समोरच्या टीमच्या हवाली. पॉइंट नऊ. ओव्हरटाइममध्ये अगदी शेवटी, एका पॉइंटने मागे असताना गर्दीत घुसला आणि बॉल गमावला, तो यातलाच. तिथे फाऊल द्यायला हवा होता का, यावर वाद आहे. पण मघाची टेस्ट लावून बघा. अ‍ॅलनचा शॉट हुकला असता तरी आधीचे टर्नओव्हर पुसले जात नाहीत. स्पर्स चॅम्पियन झाले असते तरी हा पेपर इतकाच कच्चा राहिला असता, फक्त कोणी तपासला नसता.

गंमत म्हणजे एकच मॅच आधी याच जिनोबिलीने २४ पॉइंट आणि १० असिस्ट केले होते. मार्क मॅचला असतात, माणसाला नाही.

कोच पोपोविच : ६

शेवटच्या अर्ध्या मिनिटात हीटला हवे होते थ्री-पॉइंटर. म्हणून पोपोविच यांनी उंच, पण हालचालीला जड असलेल्या डंकनला बसवून बोरिस डिऑला आणलं. डिऑ बाहेरच्या शूटरच्या मागे पळू शकतो, अदलाबदल करून कोणालाही अडवू शकतो. तर्क चोख होता, आणि पोपोविच हे नेहमीच करत. अडचण एवढीच, की दोन्ही वेळा हीटचा पहिला शॉट हुकला, रिबाऊंड हीटकडेच गेला आणि दुसऱ्या प्रयत्नात तीन पॉइंट पडले. १७ रिबाऊंड घेणारा माणूस बेंचवरून बघत होता.

निर्णय चुकीचा होता का? पहिला शॉट तर दोन्ही वेळा हुकलाच ना! म्हणजे ज्यासाठी डिऑला आणलं, ते काम झालं. किंमत मोजावी लागली ती रिबाऊंडमध्ये. पहिल्यांदा ती जोखीम मान्य. एकदा फटका बसल्यावर पुन्हा तेच केलं, त्याचे मार्क कापले.

सातवा पेपर : समोरच्याचा

हरणाऱ्याला मार्क देताना आपण समोरच्याला विसरतो. पॉइंट हातात आल्यावर टाच मागे सरकवत, लाइनच्या बाहेर पाय ठेवून, घाईत शॉट मारायचा सराव रे अ‍ॅलन वर्षानुवर्षं करत आला होता. त्या क्षणी त्याने खाली बघितलंही नाही. पाय लाइनच्या बाहेर होते, हे पंचांना व्हिडिओ बघून नक्की करावं लागलं. बॉशने तर ओव्हरटाइमच्या शेवटच्या क्षणी ग्रीनचा शॉटही अडवला. प्रत्येक पराभवात कोणी तरी चुकलेलंच असतं असं नाही. कधी कधी समोरचा फक्त भारी खेळतो.

मार्क मिळाले, पुढे काय?

त्या रात्री जिंकल्यावर जेवायला जायचं म्हणून पोपोविच यांनी मायामीतल्या एका इटालियन रेस्टॉरंटमध्ये जागा ठरवून ठेवली होती. कोणीही ती रद्द केली असती. त्यांनी उलट सगळ्यांना तिथेच बोलावलं. स्वतः आधी जाऊन पोचले. खेळाडू एकेक करून आले तसे दारातच कोणाला मिठी, कोणाच्या पाठीवर हात. रात्रभर या टेबलावरून त्या टेबलावर जाऊन प्रत्येकाशी बोलले. चुका मोजायची ती वेळच नव्हती.

चुका मोजल्या गेल्या नंतर, शांतपणे. पुढच्या मोसमात हीच माणसं परत आली. कोणाला 'याच्यामुळे हरलो' म्हणून हाकललं नाही. मोसमात ६२ विजय, आणि २०१४च्या फायनल्समध्ये समोर पुन्हा हीट. या वेळी ४-१. स्पर्सचे चारही विजय पंधरा किंवा त्याहून जास्त पॉइंटने! एक फ्री थ्रो हुकला तर काय होईल, हा प्रश्नच शिल्लक ठेवला नाही. ज्याच्या नावावर तो एक फ्री थ्रो चिकटला होता, तो लेनर्ड फायनल्सचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आणि तीन मार्कवाला जिनोबिली? पाचव्या मॅचमध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी, त्याने आतमध्ये घुसून थेट बॉशच्या डोक्यावरून डंक मारला.

तुमच्या टीमचं काय?

नागपाड्याच्या कोर्टवर असो की कॉलेजच्या झोनलमध्ये, दोन पॉइंटने हरल्यावरची बस सगळीकडे सारखीच शांत असते. मोबाइल मात्र शांत नसतो. त्या बसमध्ये मार्क देऊच नका. एक रात्र जाऊ द्या. मग बसा आणि शेवटचे दोन मिनिट झाकून बाकीची मॅच आधी तपासा. किती बॉल फुकट गेले? समोरच्याला मागे ढकलून रिबाऊंडची जागा कोणी अडवली? बचावात ओरडून कोणी सांगितलं, कोण गप्प राहिलं? स्कोअरशीटवर न येणारी ही कामं वहीत लिहा. सगळ्यात शेवटी तो हुकलेला फ्री थ्रो लिहा, आणि त्याच्यापुढे त्याचा खरा भाव मांडा. एक पॉइंट. त्याहून जास्त नाही.

आणि हो, मार्क द्यायचेच असतील तर कारणासकट द्या. नुसता 'चार' हा आकडा टोमणा असतो. 'आठ टर्नओव्हर, म्हणून तीन' हे उद्याच्या प्रॅक्टिसचं टाइमटेबल असतं.