हिंवतापाचें उच्चाटन : शेवटच्या रुग्णाचा शोध

लोणार येथें दोन तऱ्हांचें पाणी एकमेकांजवळ आढळतें. उल्कापातानें झालेल्या विवराच्या तळाशीं खारट, क्षारधर्मी सरोवर आहे. आणि विवराच्या कडेला 'धार' या नांवाचा गोड पाण्याचा झरा आहे. हिंवतापाचा विचार करणारास हा भेद महत्त्वाचा वाटेल. कारण खेड्यापाड्यांत हा रोग मुख्यतः पसरविणारी 'क्युलिसिफेसीस' जातीची डांसाची मादी स्वच्छ, गोड, संथ पाण्यांत अंडीं घालते. शहरांतील 'स्टिफेन्साय' विहिरी व टाक्या पसंत करते. समुद्रकांठच्या 'सुंडाइकस' जातीस मचूळ पाणीही चालतें. तेव्हां कोणत्या गांवीं कोणता डांस कोणत्या पाण्यांत वाढतो, हा संशोधनाचा पहिला प्रश्न होय. 'डबकीं बुजवा' हा एकच उपदेश सर्वत्र पुरा पडत नाहीं.

डीडीटीसारखें प्रभावी विष हातीं असतां एवढ्या खोलांत शिरण्याची गरज काय, अशी शंका श्रोत्यांच्या मनांत येईल. तिचें उत्तर इतिहासानें दिलें आहे. १९५५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें हिंवतापाच्या उच्चाटनाची मोहीम आरंभिली. तिची मुख्य भिस्त डीडीटी व क्लोरोक्वीन यांवर होती. भारतांत १९५३ च्या सुमारास दरसाल साडेसात कोटि लोक आजारी पडत. १९६५ मध्यें नोंदलेले रुग्ण सुमारें एक लाखावर आले. परंतु १९७६ मध्यें तोच आंकडा ६४ लाखांवर गेला! डांसांना डीडीटी पचूं लागलें, जंतूंना क्लोरोक्वीन. आणि शास्त्राचें काम संपलें या समजुतीनें नवें संशोधन मागें पडलें होतें.

आज संशोधनाची निकड आहे ती लपलेल्या जंतूंबाबत. 'व्हायव्हॅक्स' जंतु यकृतांत महिनोन्‌महिने निद्रिस्त राहतो. रक्ततपासणींत तो सांपडत नाहीं. प्रायमाक्वीननें तो मरतो. परंतु ज्यांच्या रक्तांत 'जी-६-पीडी' हें द्रव्य जन्मतः अपुरें असतें, त्यांच्या तांबड्या पेशी त्या औषधानें फुटूं लागतात. म्हणून निर्धोक औषध आणि खेड्यांतही करतां येईल अशी चांचणी, दोन्ही हवीं आहेत. 'फॅल्सिपेरम' जंतु ज्या प्रथिनावरून झटपट ओळखतात, तें प्रथिनच नसलेले जंतुही कांहीं देशांत आढळले आहेत. आर्टेमिसिनिनला दाद न देणारे जंतु आग्नेय आशियांत व आफ्रिकेंत दिसूं लागले आहेत.

लशीच्या कामीं पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचा वांटा आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाबरोबर सिद्ध केलेल्या 'आर-२१' लशीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं केली. ती बालकांचे प्राण वांचविते. परंतु तिचा रोख फॅल्सिपेरमवरच आहे, व केवळ तिच्यानें रोगाचा प्रसार थांबणार नाहीं.

श्रीलंकेंत १९६३ मध्यें अवघे १७ रुग्ण उरले होते. फवारणी थांबली, पाळत ढिली पडली, आणि त्याच दशकाच्या अखेरीस रुग्ण लाखांनीं मोजावे लागले. हिंवतापमुक्तीचा दाखला त्या देशास मिळाला तो २०१६ सालीं. रुग्ण पुष्कळ असतात तेव्हां औषध पोंचविणें हें मोठें काम असतें. ते थोडे उरले म्हणजे त्यांस हुडकणें हेंच मोठें काम होतें. रोग ओसरूं लागला म्हणजे संशोधन वाढवावयाचें असतें, तें आटोपावयाचें नसतें.