आजोबांचा दाढीचा ब्रश : मूठ जपा, केस बदला

जुनी ट्रंक उपसली की आजोबांची किंवा आजलसासऱ्यांची दाढीची वाटी, वस्तरा, तुरटीचा खडा आणि ब्रश हमखास हाती लागतो. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या केशकर्तनाचा व्यवसाय आहे, त्यांच्याकडे तर अख्खी धोपटी जपलेली असते. भंगारवाला असा ब्रश वजनावर नेतो. तो नीट करून घरात ठेवता येईल का, चार पैसे मिळतील का, असे गटाच्या बैठकीत बायका आम्हांला विचारतात. उत्तर आहे, होय. पण त्याआधी एक धोका समजून घ्यायला हवा.

गुरांना होणारा फाशी रोग आपल्याला माहीत आहे. त्यालाच अँथ्रॅक्स म्हणतात आणि माणसाला झाला की काळपुळी. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंड-अमेरिकेत दाढीच्या ब्रशमधून हा रोग पसरला. बिज्जू या प्राण्याच्या केसांचे चांगले ब्रश महाग झाले, तेव्हा परदेशातून आलेले घोड्याचे स्वस्त केस त्यांच्यासारखे दिसतील असे रंगवून विकले गेले. त्यांतले काही नीट निर्जंतुक केलेले नव्हते. दाढी करताना कातडीला बारीक चिरा पडतात, तिथून रोग शिरला. १९१५ ते १९२४ या काळात सैनिक आणि नागरिक मिळून दोनशेहून जास्त जणांना लागण झाली. ब्रिटनने १९१९ साली यासाठी कायदा केला. पुढे कंपन्या ब्रशवर ‘स्टरिलाइज्ड’ असा शिक्का मारू लागल्या.

या रोगाचे बीजाणू कोरड्या केसांत वर्षानुवर्षे टिकतात. साध्या उकळीने ते मरतील याची खात्री नसते. आज असा ब्रश हाती लागण्याची शक्यता फार कमी आहे. तरी नियम सोपा ठेवा : १९३० च्या आधीचा किंवा वय माहीत नसलेला, जनावराच्या केसांचा ब्रश कुणाच्याही गालाला लावायचा नाही. मूठ जपायची, केस बदलायचे.

केस काढताना हातमोजे घाला, नाका-तोंडाला मास्क बांधा. ब्रश झटकू नका, आधी ओला करा. केस कापून कागदात गुंडाळा आणि घरापासून दूर जाळा, स्वयंपाकाच्या चुलीत नको. खळग्यात उरलेला जुना गोंद सुताराकडून ड्रिलने हळू कोरून घ्या. काम झाल्यावर हात साबणाने धुवा.

मूठ कशाची आहे ते ओळखा. पितळी असेल तर चिंचेच्या कोळाने घासा, धुवा आणि लगेच कोरडी करा. भांड्यांवर घालतात तसे नाव तिच्यावर कोरलेले असेल तर तिथे जोर लावू नका. ते नाव हीच खरी ठेव. लाकडी मूठ पाण्यात बुडवू नका. बारीक पॉलिश पेपर फिरवा आणि जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या. प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावरच पुढचा. तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मोकळ्यावर पसरून वाळवा. बेकेलाइट किंवा प्लास्टिकची मूठ कोमट पाण्याने व साबणाने पुसली की पुरे. मूठ हस्तिदंती वाटली तर ती विकायचा विचारही करू नका. हस्तिदंताचा व्यापार कायद्याने बंद आहे. मुंगसाच्या केसांचे ब्रशही घेऊ-विकू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगसाला संरक्षण आहे.

नवा झुपका बसवताना कृत्रिम धाग्यांचा तयार झुपका घ्या. तो लवकर वाळतो आणि जनावराच्या रोगाची भीती नसते. आधी खळग्याचे तोंड मिलिमीटरमध्ये मोजा; बहुतेक २० ते २६ मिलिमीटर भरते. झुपका गोंदाशिवाय बसवून पाहा. फार आत गेला तर केस ताठ लागतात, फार वर राहिला तर लुळे पडतात. खोली जास्त असेल तर तळाला वायसर टाका. मग दोन नळ्यांचा एपॉक्सी गोंद कालवून लावा, झुपका सरळ धरा आणि २४ तास हात लावू नका.

वापर. आपल्या जळगाव-धुळ्याकडे बोअरचे पाणी बऱ्याच ठिकाणी जड. त्याचा पांढरा थर धाग्यांवर बसतो. महिन्यातून एकदा वाटीभर पाण्यात दोन चमचे व्हिनेगर घालून ब्रश दहा मिनिटे बुडवा आणि स्वच्छ धुवा. पाणी झटकून हवेशीर जागी टांगा, डबीत ओला कोंबू नका. ब्रश एकाचाच असावा. वस्तरा आणि ब्लेड तर कधीच दुसऱ्याचे वापरू नये, कारण रक्तातून कावीळ ‘ब’सारखे रोग पसरतात.

गटाने हे काम घ्यायचे का? आधी आपापल्या घरचे दोन-चार ब्रश करून हात बसवा. झुपका, गोंद, सुताराची मजुरी आणि आपले तास वहीत लिहा, मगच भाव ठरवा. गिऱ्हाइकाला केस बदलल्याचे स्पष्ट सांगा. जुनेच केस ठेवा असा हट्ट असेल, तर तो ब्रश शोभेचा म्हणूनच द्या.

आणि एक. जनावरांचे केस किंवा कातडे हाताळल्यावर कुणाला खाजरा फोड आला, त्यावर न दुखणारी काळी खपली धरली, तर घरगुती लेप लावत बसू नका. थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि काय हाताळले तेही डॉक्टरांना सांगा. वेळेवर औषध मिळाले तर हा रोग बरा होतो.

तर मैत्रिणींनो, ब्रश भंगारात देण्याआधी मूठ एकदा उजेडात धरून पाहा.